कुसुमबाईंची छत्री

पौषातल्या कोवळ्या उन्हात बैलगाडीच्या लोखंडी धावेवर छत्री आपटल्याचा खणखणीत आवाज आला, की अंबडकडच्या त्या ऊसतोडीच्या तळावर पोरं मोळ्यांवरून भराभर खाली उतरायची. आमच्या शाळेच्या कुसुमबाई पोरांना वर्गात न्यायला आलेल्या असायच्या. पावसाचा मागमूस नसला तरी ती मोडक्या काड्यांची काळी छत्री त्यांच्या हातात असायचीच. तिची वाकडी मूठ गाडीच्या दांडीत अडकवून त्या बैलांसमोर उभ्या ठाकायच्या. "पोरगी उतरव आधी. मंग ने गाडी कुठं न्यायची तिथं!"

कृपा, वात्सल्य, सौम्यता ही विशेषणं मला बाईंना कधी चिकटवता आली नाहीत. त्यांच्या कपाळावर एक आठी होती, ऋतू पालटले तरी न मिटणारी. माझ्या मते शाळेचा पाया त्या आठीतच होता.

बाई गेल्या. स्मारक समिती बसली, आणि मी चित्रकलेचा मास्तर म्हणून बोधचिन्ह माझ्या गळ्यात पडलं. मी छत्री काढली. अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं. हेच गृहस्थ तळावर मुकादम असताना 'ही बाई धंदा बुडवती' म्हणून बाईंच्या अंगावर धावून गेले होते.

"सर, छत्री काय काढता? समई काढा, बराबर दिसंल. बाई बिलकुल शांत होत्या."

शांत! अहो, खोटं बोलायचं तर निदान बेतानं तरी बोला! मी समई काढायला साफ नकार दिला. त्यांचं काय अडलं? जालन्याहून पेंटर आला, आणि शाळेच्या फाटकावर समई, कमळ आणि दोन गुबगुबीत मोर अवतरले. खाली बाईंचं नाव.

अनावरणाच्या दिवशी हारतुरे चालू असताना फाटकाजवळ एक उसाची गाडी थांबली. वर बसलेली बाई आमचीच जुनी विद्यार्थिनी, छत्रीच्या धाकानं खाली उतरलेली. तिनं अक्षराला अक्षर लावत नाव वाचलं, मग चिन्हाकडे बघत राहिली.

"नाव बाईचंच हाय, सर. पण बाईची छत्री कुठं गेली?"

गाडी निघून गेली.

संध्याकाळी मांडव उतरला तसा मी शिडी लावली, काळा रंग कालवला आणि त्या समईवर, कमळावर, मोरांवर आडवी छत्री काढली, वाकड्या मुठीची. पुसायचं त्यानं खुशाल पुसावं. मी पुन्हा काढीन. काळानं बाईंना नेलं, तिथं माझं काही चालत नाही. पण त्यांचा राग मागं राहिलाय, आणि तो राखायला मी अजून आहे.