थोरल्या बाबांच्या हातचा तुकडा

दातिवाने ऑलिव्हच्या लाकडाची डबी उघडली, रविवारच्या प्रार्थनेतून आणलेल्या भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला आणि पूर्वेकडे तोंड करून जिभेवर ठेवला. चूल पेटवायची होती, पाणी भरायचे होते, अंगणात बकरी केव्हाची ओरडत होती. पण प्रभूच्या घासाआधी पोटात दुसरे काही जाऊ द्यायचे नाही, हा नेम तिने बावीस वर्षे मोडला नव्हता. घास विरघळेपर्यंत ती डोळे मिटून उभी राहिली.

डोळे उघडले तर कासुला दारात.

"झालं का तुझं?"

"झालं. आत ये ना."

"नको. मला आता उंबऱ्याबाहेरचीच सवय झालीय."

कासुला तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे एकाच होडीतून मासेमारीला गेले आणि एकाच वादळात बुडाले. तेव्हापासून एका अंगणाच्या दोन टोकांना दोघी राहत होत्या. बकरी एक, रांजण एक, भांडणे रोजची. मागच्या हिवाळ्यात सम्राटाचा हुकूम आला, की ज्याने त्याने टेकडीवरच्या देवळात जाऊन पुतळ्यापुढे धूप टाकावा आणि तसा दाखला घ्यावा. कासुला गेली. दातिवा गेली नाही. हुकूम थंडावल्यावर ख्रिस्ती मंडळी पुन्हा जमू लागली, तेव्हा धूप टाकलेल्यांना प्रार्थनाघराच्या दाराबाहेर उभे करण्यात आले. गाणे त्यांना ऐकू येई, भाकरी मिळत नसे.

"खोकला कसा आहे?"

"माझ्यापेक्षा तब्येतीने बरा आहे तो." कासुलाने ओठांवरचा कपडा चटकन मुठीत लपवला. लपवण्याआधी दातिवाला त्यावरचा लाल डाग दिसला होता. "दातिवा, तो तुकडा अजून आहे ना गं?"

डबीच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक जुना, दगडासारखा वाळलेला तुकडा होता. थोरले बाबा सिल्वान या मंडळीचे बिशप होते आणि बंदरावरचे रंगारीही होते. शिंपल्यांचा जांभळा रंग त्यांच्या मनगटापर्यंत चढलेला असे, घासून निघत नसे. दातिवा लहान असताना तिला वाटायचे, बिशप झाले की माणसाचे हात आपोआप जांभळे होतात. ते भाकरी मोडायचे तेव्हा रंगशाळेचा तो उग्र, खारट वास भाकरीला लागायचा, आणि पुढे जाऊ होऊन आलेली कासुला हळूच म्हणायची, "आज प्रभू बंदरावरून आलाय." मग दोघींना हसू आवरायचे नाही. थोरले बाबा बघायचे आणि न बघितल्यासारखे करायचे. हुकूम आला त्याच आठवड्यात त्यांना धरून नेले. तुरुंगातून ते परतले नाहीत. त्यांच्या शेवटच्या रविवारचा हा तुकडा दातिवाने खाल्ला नव्हता.

"तो दे मला," कासुला म्हणाली. "मी धूप टाकला त्याच्या आधी मोडलेला आहे तो. तेव्हा मी आतलीच होते. नव्या बाबांच्या भाकरीला मी हात लावत नाही, मग त्यांचा नियम कुठे मोडतो?"

"कासुला, असं नसतं गं."

"कसं असतं मग? ईस्टरनंतर सगळे बिशप जमणार, मग आमचा विचार करणार. मी ईस्टर बघेन असं वाटतं तुला?" तिने कमरेच्या कपड्यातून एक चिठ्ठी काढली. "हे बघ. मिगिनने दिलंय. 'कासुलाला तिच्या माणसांसह पदरात घ्यावे.' त्याने तुरुंगात बोटं मोडून घेतली, पण धूप टाकायला नाही म्हणजे नाहीच म्हणाला. त्याचा शब्द चालत नाही? मग दाराची किल्ली कुणाकडे आहे, मार खाल्ला त्याच्याकडे, की पळून गेलेल्या नव्या बाबांकडे?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. मोठ्याने बोलायला दम कुठेय."

दातिवाने चिठ्ठी घेतली. "मी विचारून येते बाबांना. तोवर कढण पिऊन घे. चुलीशी आहे."

"चूल पेटलेली नाही," कासुला म्हणाली. "तुझा नेम चालला होता."

प्रार्थनाघर म्हणजे एका जुन्या व्यापाऱ्याचे घर होते. त्याच्या ओसरीवर मिगिन बसला होता आणि भोवती दहा-बारा बायका दाटल्या होत्या. त्याच्या उजव्या हाताची बोटे मुळ्यांसारखी वाकडी झाली होती, म्हणून तो सांगे आणि दुसरा कुणी लिहून घेई. रडत येईल त्याला तो चिठ्ठी देई. नाही म्हणणे त्याला एकदाच जमले होते, ते अधिकाऱ्यांपुढे.

"दातिवाबाई, तुम्ही इकडे कुठे?" तो हसून म्हणाला. "तुम्हाला काय करायचीय चिठ्ठी? तुमच्या दाराशी तर देवदूत उभा होता!"

बायकांनी तिच्या कपड्याच्या काठाला हात लावून ओठांना लावला. गावभर ती गोष्ट झाली होती. शिपाई दारोदार फिरले, ज्यांचे दाखले नव्हते त्यांना ओढून नेले, आणि दातिवाच्या दारावर मात्र थापसुद्धा पडली नाही. देवाने त्यांचे डोळे झाकले, असे लोक म्हणत. दातिवाने स्वतः तसे कधी म्हटले नव्हते. पण नाहीही म्हटले नव्हते. विधवांच्या ओळीत तिला पहिली जागा मिळाली होती.

नवे बाबा होनोरात अंजिराच्या झाडाखाली वाचत बसले होते. वयाने दातिवाच्या मुलासारखे. हात गोरे, स्वच्छ, फक्त एका बोटाला शाई. कार्थेजला वक्तृत्व शिकवायचे, असे सांगत. हुकमाच्या दिवसांत ते कुठे लपले होते ते कुणी सांगत नसे.

त्यांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घातली.

"आजची ही नववी. 'तिच्या माणसांसह'. म्हणजे किती माणसं, दातिवाबाई? पाच? वीस?" ते थांबले. "मिगिनच्या पायाला मी रोज हात लावीन. पण त्याने सोसलं म्हणून दार उघडायचं काम त्याचं होत नाही."

"ती आजारी आहे, बाबा. रक्त पडतंय."

"ठाऊक आहे. एकदाच घसरलेल्या आणि आजाराने मरणाला टेकलेल्या माणसाला थांबवू नये, असं मलाही वाटतं. कासुलाबाईंसाठी मी उद्याच कार्थेजच्या बिशपांना लिहिणार होतो." ते क्षणभर अंजिराच्या पानांकडे बघत राहिले. "पण आधी तुम्हाला बोलावणार होतो. बरं झालं, आपणच आलात."

त्यांनी पुस्तकाखालचा एक कागद पुढे केला. नगरकचेरीतला एक कारकून मंडळीतला होता. ज्यांनी धूप टाकला त्यांची यादी त्याने उतरवून आणली होती. दातिवाला वाचता येत नव्हते. होनोरातांनी बोट ठेवले.

"ही कासुला. आणि त्याच्या लगेच खाली, दातिवा. त्याच दिवशी, त्याच घरातली."

दातिवा कागदाकडे बघत राहिली.

त्या दिवशी ती तापात पडून होती. अंग भाजत होते, घसा मिटला होता. तिन्हीसांजेला कासुला आली, कपाळावर ओला कपडा ठेवला, सातूची पेज चमच्याचमच्याने भरवली. ती वाकली तेव्हा तिच्या केसांना धुपाचा गोड, जड वास येत होता. दातिवाला तो कळला, आणि तिने मान भिंतीकडे फिरवली. कासुलाने तरीही पांघरूण सारखे केले होते. म्हणाली होती, "झोप तू. आता कुणी येणार नाही."

आणि कुणी आले नाही.

"तुम्ही गेला नसाल तर तसं सांगा," होनोरात हळू आवाजात म्हणाले. "तुमचा शब्द मला पुरे. मी नाव खोडतो. पण मग तुमच्या नावाने पुढे कोण झालं हे विचारावं लागेल. एकदा भीतीने हात पुढे केला ते वेगळं. दुसऱ्यांदा, दुसऱ्याचं नाव घेऊन केला, तर त्या माणसासाठी मला लिहिता येणार नाही. मरेपर्यंत बाहेर."

ओसरीवर कुणीतरी हुंदके देत होते आणि मिगिन त्याला समजावत होता. दातिवाने हात कपड्यात ओढून घेतले.

"तो धूप माझ्यासाठीच होता, बाबा."

"तुम्ही देवळात गेला होता?"

ती खाली बघत राहिली. अंजिराच्या मुळाशी मुंग्यांची ओळ चालली होती.

"माझं नाव खोडू नका," ती म्हणाली.

होनोरातांनी कागदाची घडी घालून ती पुस्तकाखाली सरकवली.

"मग भाकरीची डबी परत द्यावी लागेल," ते म्हणाले.

तिने ती कमरेच्या पिशवीतून काढून दिली. बावीस वर्षे तिच्या हातात घासून लाकूड मऊ झाले होते. होनोरातांनी उघडली, ताजी भाकरी काढून पांढऱ्या कापडात ठेवली. मग तळाचे मेणकापड त्यांना दिसले. त्यांनी ते उलगडले आणि नाकाजवळ नेले.

"हा कसला वास?"

"शिंपल्यांचा. थोरल्या बाबांच्या हातचा तुकडा आहे. त्यांच्या शेवटच्या रविवारचा."

होनोरातांनी तुकड्याकडे पाहिले, मग स्वतःच्या बोटांकडे. मेणकापड त्यांनी पुन्हा होते तसे गुंडाळले, डबीत ठेवले, झाकण लावले आणि डबी तिच्या हातात परत दिली.

"माझ्या भाकरीपुरतं मला सांगता येतं," ते म्हणाले. "याचं मी काय सांगू? मी तेव्हा इथे नव्हतो."

रविवारी आत गाणे सुरू झाले तेव्हा ऊन अंगणात उतरले होते. दाराबाहेर चौदा माणसे उभी होती. दातिवा येऊन कासुलाशेजारी उभी राहिली.

"इथे काय करतेस? जा आत. सुरू झालं."

"इथेच उभी राहणार आहे."

"खुळी आहेस का? तुझी जागा—"

"तिथे म्हातारी नोना बसलीय. तिला कमी दिसतं. पुढे बरंय तिला."

कासुलाने तिच्या तोंडाकडे पाहिले. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिने भिंतीला हात टेकला.

"मी कुणाला बोलले नव्हते गं. देवाशपथ."

"ठाऊक आहे."

"ताप होता तुला. उठवून टेकडी चढायला लावली असती तर वाटेतच—"

"ठाऊक आहे."

"देवदूत म्हणायचे लोक," कासुला म्हणाली आणि हसता हसता खोकली. "मला बरं वाटायचं ऐकून."

दातिवाने तिची पाठ चोळली. खोकला थांबल्यावर कपड्याआडून डबी काढून तिच्या तळहातावर ठेवली. कासुलाने झाकण उघडले, मेणकापड बाजूला केले आणि डोळे मिटून वास घेतला. आतून "आमेन" आले. बाहेरच्यांचे नेहमीप्रमाणे एक क्षण मागून गेले.

"अजून बंदराचाच वास आहे," ती म्हणाली.

"घे. तुझ्यासाठीच आणलाय."

कासुलाने तुकड्यावर बोट फिरवले. कडेला थोरल्या बाबांच्या अंगठ्याचा खळगा होता. तिने मेणकापड नीट दुमडले, झाकण लावले आणि डबी दातिवाच्या हातात परत कोंबली.

"एवढ्याशाचे दोन कुठे करायचे!" ती म्हणाली. "इकडे सरक. थोड्या वेळाने इथे सावली येते. मला ठाऊक आहे."