एकाच साच्यातले ठोकळे

टेस्टरबाईंनी तिसरा ठोकळा उलटा करून पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही सरकारी प्रयोगशाळा. गावात सरकारी इमारत उठली की स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे ठोकळे साच्यात भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि इथे आणून मशीनखाली चिरडायचे. ठोकळा टिकला की इमारत पास. बाई अकरा वर्षं हेच करत होत्या. ठोकळा फोडायचा, आकडा लिहायचा, सही ठोकायची.

आज टेबलावर तीन ठोकळे होते. एक शाळेच्या नव्या मजल्याचा, एक पाण्याच्या टाकीचा, एक बाजाराच्या इमारतीचा. तिन्ही कामं एकाच ठेकेदाराची, पण गावाच्या तीन टोकांना. आणि तिन्ही ठोकळ्यांच्या त्याच कोपऱ्यावर, त्याच जागी, नखाएवढा तोच उंचवटा. म्हणजे साचा एकच, त्याला पोचा आलेला. चिठ्ठ्या पाहिल्या, तर तिन्ही एकाच दिवशी, एकाच सकाळी भरलेले! एका सकाळी तीन ठिकाणी हजेरी लावायला तो साचा काय मंत्री आहे?

अहो, सरळ होतं. ठेकेदार आपल्या गोदामात बसून चांगल्या सिमेंटचे ठोकळे घडवत होता आणि इमारतीत वाळू ओतत होता. सोमवारपासून शाळेच्या त्या मजल्यावर चार वर्ग भरणार होते.

बाई तिन्ही चिठ्ठ्या घेऊन साहेबांच्या खोलीत शिरल्या. समोरच्या खुर्चीत ठेकेदार पाय पसरून बसलेलाच होता.

"ताई, ठोकळे पास होणारच ना?" तो हसला. "मग अडलं कुठे?"

"मुलं ठोकळ्यावर बसणार आहेत का?" बाई म्हणाल्या. "स्लॅबवर बसणार आहेत ना?"

साहेबांनी हळूच दार लोटून घेतलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. या ठेकेदारांचे ठोकळे गेली अकरा वर्षं येताहेत. सह्या कुणाच्या आहेत? माझ्या नाहीत. तुम्ही बोंब मारलीत तर पहिल्या तुम्हीच आत जाल. आज संध्याकाळपर्यंत शाळेचा कागद माझ्या टेबलावर हवा."

बाईंनी चिठ्ठ्या उचलल्या. राग साहेबांचा होताच, पण त्याहून जास्त राग आला तो स्वतःचा, कारण तो हलकट माणूस खोटं बोलत नव्हता. ठोकळे फारच गुळगुळीत येतात हे त्यांना का दिसलं नव्हतं? दिसलं होतं. आपलं काम ठोकळा फोडणं, तो आला कुठून हे बघणं नव्हे, असं म्हणून त्यांनीच डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

सही न करताच त्या घरी गेल्या. सासरे जन्मभर गवंडीकाम केलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सूनबाई, एक विचारू? तू ठोकळे तपासतेस की इमारत?"

"मामंजी, नियमात ठोकळेच आहेत."

"नियम कुणी वाचलाय पुरता?"

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत गेल्या. तिथे होतं की इमारत वापरणाऱ्याने लेखी मागणी केली, तर प्रयोगशाळेने प्रत्यक्ष स्लॅबमधून तुकडा काढून तपासलाच पाहिजे. साहेबांच्या परवानगीचा तिथे उल्लेखसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट मुख्याध्यापिकांकडे गेल्या. त्या बाई करारी होत्या. उभ्याउभ्या मागणीपत्र लिहिलं आणि पालकांना निरोप धाडले. दहापर्यंत पालक वर्गात जमले आणि मागणीपत्रावरून बाईंनी बोलावलेला प्रयोगशाळेचा ड्रिलवाला मशीन घेऊन आला. मागोमाग ठेकेदारही धावत आला.

"असं कुठेही भोक पाडून चालत नाही!" तो ओरडला.

"मग तुम्ही सांगा, कुठे पाडू?" बाई म्हणाल्या. "जागा तुमची, ड्रिल आमचं."

त्याने कुठलीच जागा दाखवली नाही. जागा पालकांनीच ठरवली. वर्गाच्या मधोमध मशीन घरघरलं. ड्रिलवाल्याने आतला गोल तुकडा बाहेर काढला, तर अर्धा हातात आला आणि अर्धा त्याच्या बुटांवर भुगा होऊन सांडला. बाईंनी उरलेला तुकडा मुठीत दाबला. बोटांमधून वाळू गळली.

मग वर्गात जो गलका उठला! पालकांनी ठेकेदाराला जिन्यापर्यंत ढकलत नेलं. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना बाहेर काढून मजल्याला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि खाली आपल्या खोलीत नेलं. आवाज जरा खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "हा स्लॅब पाडावा लागेल. नवा ओताल तेव्हा तुमच्यातले दोघं इथे उभे राहा. ठोकळे तुमच्या समोर भरू दे. काँक्रीट ओलं असतानाच खिळ्याने त्यावर आपल्या सह्या कोरा. त्या सह्या नसलेला ठोकळा मी मशीनखाली घेणार नाही. आपल्या पोराच्या डोक्यावरच्या छताला कुणी खोटी सही देत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. एक बाप मात्र मागे भिंतीला टेकून उभा होता.

"बाई, आज तुम्ही आलात, बरं केलंत. पण ह्याच ठेकेदाराने बाळंतपणाचा दवाखाना बांधलाय. तो कुणी पास केला?"

 ठोकळे बघून पास झाला, हे उत्तर तयार होतं. ते दिलं असतं तर कुणी पुढे विचारलंही नसतं.

"मी," बाई म्हणाल्या. "दवाखाना, बसस्थानक, मुलींचं वसतिगृह. सगळ्यांवर माझी सही आहे. ठोकळे खोटे असावेत असा संशय मला तेव्हाही होता."

"माझी बायको तिथे नर्स आहे," तो म्हणाला. "आत्ता तिथेच आहे ती!"

मघाशी माना डोलावणारे आता बाईंकडे बघेनात. एक म्हातारी पुढे आली आणि थेट त्यांच्या तोंडावर म्हणाली, "लाज नाही वाटली तुला?"

"वाटली नाही, आजी. आता वाटतेय."

मुख्याध्यापिकांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. बाईंनी अकरा वर्षांतल्या आठवतील तेवढ्या इमारती लिहून काढल्या. सतरा झाल्या. 'मी तपासल्या नाहीत, फक्त पास केल्या' असं लिहून खाली सही केली आणि कागद त्या नर्सच्या नवऱ्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि ड्रिलवाल्याला म्हणाला, "मशीन गाडीत टाक. आधी दवाखाना."

गाडी माणसांनी भरली. बाईंना कुणी बसायला जागा दिली नाही. त्या मागच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या.