शेवटच्या गुणसूत्रापर्यंत

मी प्रथिनाचा एक जुना मणी आहे. जुना म्हणजे दीड दिवसाचा. आमच्यात हे चांगलंच वय झालं. एका काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशीत माझा जन्म झाला. आम्ही मणी एकमेकांना चिकटलो की पोकळ धागा तयार होतो. एका पेशीच्या दोन होताना हेच धागे गुणसूत्रांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि सारखी वाटणी करतात.

मित्रांनो, धाग्यात बसलो म्हणजे नोकरी पक्की झाली, असं मुळीच नाही. टोकावर ताज्या दमाचे मणी आहेत तोवर धागा वाढतो. त्यांचा दम सरला की भराभर उसवतो. चाचपडताना गुणसूत्र हाती लागलं तर टिकतो. मी कितीदा तरी असा सुटलो आणि मुकाट्याने पुन्हा रांगेत उभा राहिलो. कौतुक होतं ते धाग्यांचं, मण्याला कोण विचारतो?

आमची पेशी विभागायला लागली आणि नेमका प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईंनी घोळ घातला. शुद्ध केलेल्या मण्यांच्या कुप्या बर्फावर ठेवायच्या, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. त्या सवयीने जिवंत पेशींची आमची बशीही त्यांनी बर्फावरच ठेवली. थंडीने आमचे सगळे धागे मोडले आणि गुणसूत्रं पोरकी झाली.

थोड्या वेळाने ताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि काकांना हाक मारली.

"काका, एकही धागा उरला नाही. शेवटची बशी होती ही. टाकून द्या."

काका म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ. ते म्हणाले, "आधी ऊब तर द्या, ताई. एक जरी गुणसूत्र सुटं असलं ना, तरी पेशी विभागणीत पुढे सरकत नाही. ती थांबलीय, तर तुम्हीही थोडं थांबा."

ऊब मिळाली आणि आम्ही पुन्हा जुळलो. एकेक गुणसूत्र मधल्या रेषेत आलं. एकच कडेला राहिलं होतं. त्याला एका धाग्याने भलत्याच बाजूने धरलं, तर पेशीने ती पकड सोडवली. मग आमचा धागा निघाला. मी टोकाजवळच होतो आणि फार घाबरलो होतो. आम्ही त्याला गाठलं, पलीकडूनही ओढ लागली, आणि पेशीने वाटणीला वाट मोकळी केली.

गुणसूत्र ओढायचं तर धाग्याला आखूड व्हावं लागतं, म्हणजे टोकाच्या मण्यांनी सुटायचं. मी लगेचच सुटलो.

"काका, दोन झाल्या," ताई हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी त्या दोन पेशींपैकी एकीत आहे. धागा मोडलेला दिसला तर बशी लगेच टाकू नका. थोडी ऊब द्या. आम्ही इथेच असतो.