चार दिवस चाक फिरतं

"काका, परत जाम झालं हो! चाक हलायलाच तयार नाही." शिवणवाल्या ताईंनी दारातच सांगितलं.

मी पिशवीतून स्प्रेचा डबा काढला. शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी या डब्यावर. फुस्स केलं की चाक फिरतं. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

त्या दिवशी लेक सोबत होती. ती रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत असते. तिनं डबा डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षरं वाचली.

"बाबा, हे कुठं मारता?"

"जिथं तेल लागतं तिथं. आणखी कुठं, डोक्याला?"

"अहो, यात तेल थोडंसंच. बाकी रॉकेलच्या जातीचा पातळ द्रव, आणि तो बाहेर ढकलायला गॅस. तो द्रव आतलं तेल धुऊन काढतो आणि उडून जातो."

"मग चाक काय मंत्रानं फिरतं?"

"फिरतं की. चार दिवस."

माझं डोकंच चालेना. चाक फिरताना मी या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि दर दोन महिन्यांनी ताईंचा फोन यायचा, हेही खरंच. मशीन म्हातारं झालंय, असं वर मीच सांगायचो.

मशीन उघडलं. आत धाग्यांच्या भुशाचा काळा चिकट थर, तेलाचा मागमूस नाही. गुपचूप पुसून निघालो असतो तर ताईंना काय कळणार होतं? पण त्या चहा घेऊन समोर उभ्या राहिल्या, आणि माझ्याच्यानं राहवेना.

"ताई, चूक माझी आहे. इतकी वर्षं मी याचं तेल धुऊन काढत होतो. मला वाटायचं, घालतोय."

ताईंनी कप खाली ठेवला.

"आणि माझ्या आईचं मशीन? तुम्हीच म्हणालात, ते संपलं, भंगारात द्या. दिलं मी."

"त्याचं... मला नाही सांगता येणार, ताई."

खरंच सांगता येईना. ते संपलं होतं, की मी संपवलं? मला फार वाईट वाटलं.

सगळं साफ करून मी मशीनच्या तेलाची बाटली काढली. ताईंनी हात पुढे केला.

"कुठं कुठं घालायचं ते दाखवा. यापुढे मीच घालीन."

मी एकेक भोक दाखवत गेलो. त्या एकेक थेंब सोडत गेल्या.