कोनाड्याच्या मापाची टाकी

आमच्या घरच्यायचा, म्हंजे माझ्या नवऱ्याचा, एक स्वभाव आहे, मोजलं म्हंजे झालं. घर बांधतानी त्यायनं हॉलमंधी टीव्हीसाठी कोनाडा ठेवला, अन् आमच्या पोरानं, पवननं, आणला त्याच्याहून मोठा टीव्ही. रिकामा कोनाडा त्यायच्या डोळ्यात खुपून राह्यलता. म्हणून पवनची बायको श्रुतिका माहेरून मासोळी आणतो म्हणाली, तं हे पहिले टेप घेऊन उठले.

श्रुतिका नागपूरची. लग्नाआधी तिच्या बाबांनी तिले ते मासोळी घेऊन देलती, निळीशार, पिवळ्या शेपटीची. तिले समुद्राचं खारं पाणी लागते. मीठ पाकिटात भेटते, ते घोळून पाणी करा लागते.

टाकी घ्यायले आमी नागपूरले गेलतो. दुकानात श्रुतिका म्हणाली, "मामाजी, ही आत्ता बोटभर आहे, पण हातभर होते. हिला लांब पोहायला लागतं. सहा फुटांची घेऊ."

हे दुकानदारासमोर हासले. "अवं, मासोळी टाकीपुरतीच वाढते. लहान टाकी, लहान मासोळी. सगळ्यायले माहीत आहे."

अन् कोनाड्यात बसन अशी दोन फुटाची घेतली. सासऱ्यापुढं दुसऱ्यांदा बोलाची आमच्याकडं रीत नाही. पोरगी "हौ मामाजी" म्हणून गप्प झाली. मीबी गप्प. मले काय कळते? आपल्याकडं मासोळी वाढते ते कढईसाठी.

मंग काय, यायच्या बढाया! किरनापूरचे पाहुणे आले का टाकीत बोट बुडवून चाखायले लावत. "बालाघाटात समुद्र आणला, चाखून पाहा!"

पण मासोळीनं काही यायचं ऐकलं नाही. ते वाढली. वळतानी तिचं तोंड काचेले घासे. डोक्यावर खड्डे पडले. मी म्हटलं, "अहो, मोठी टाकी घ्या ना आता. पलंग सरकवू." तं माझ्यावरच खेकसले, "तुमी बायाच जास्त खाऊ घालता! आजपासून एकदाच द्याचं!" म्हंजे चूक बी मासोळीचीच, जास्त वाढली म्हणून! श्रुतिकानं तवाबी मान हलवली. मासोळीचं पोट खपाटीले गेलं. मी कोनाड्याकडं पाहणंच सोडलं.

गेल्या रविवारी श्रुतिकाचे बाबा आले. चहाचा कप हातात घेऊन कोनाड्यापाशी गेले, अन् तो कप तसाच खाली ठेवला.

"हे काय केलं, बाळा? ही मरेल इथे. एवढीशी टाकी कोणी घेतली?"

मी यायच्याकडं पाह्यलं. हे पंख्याकडं पाहून राह्यलते. मीबी पदरच सारखा करत बसली.

श्रुतिका म्हणाली, "मीच घेतली, बाबा. मामाजी मोठी घे म्हणत होते. मला वाटलं, चालेल."

तिचे बाबा तिले सगळ्यायसमोर बोल बोल बोलले. ते खाली मान घालून ऐकत होती, अन् आमी दोघं मोठी माणसं सोफ्यावर बसून. धरती फाटून पोटात घेईन तं बरं, असं झालं मले.

मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेली. "काहून वं, मामाजीची लाज राखाले अंगावर घेतलं?"

"नाही, आई." तिनं डोळे पुसले. "बाबांना कळलं असतं ना, की इथे माझं कोणी ऐकत नाही. ते घरी जाऊन झोपले नसते."

मागं वळून पाह्यलं तं दारात हे उभे. हातात रिकामे कप. सगळं ऐकलं त्यायनं. चेहरा काळाठिक्कर पडलता. हॉलमंधी जाऊन खरं सांगावं, तं पोरीनं जे झाकलं तेच उघडं पडते. आता खरं बोलाचीबी सोय राह्यली नाही आमाले.

व्याह्यांनी मासोळी झाकणाच्या बादलीत घेतली, हवेचं मशीन लावलं अन् गाडीत ठेवली. त्यायच्या घरची टाकी मोठी आहे. निघतानी माझ्यापुढं हात जोडले.

"माफ करा, विहीणबाई. पोरगी हट्टी आहे. लहानपणापासून कोणाचं ऐकतच नाही."

हे माझ्या बाजूलेच उभे होते. आमी दोघायनंबी "हौ" म्हटलं.