न फवारलेला पट्टा

दोन्ही गोणींचं वजन सारखंच भरलं, तेव्हा काटेवालीनं त्या पुन्हा काट्यावर ठेवल्या. पुन्हा तेच. पिकांच्या रोगांची पाहणी करणाऱ्या या बाईला सगळे काटेवालीच म्हणत. उठसूट वजन करायची खोडच होती तिला. एका गोणीत औषध फवारलेल्या पट्ट्यातला घेवडा होता, दुसरीत मुद्दाम न फवारलेल्या. दोन्हींत जो फरक पडेल तेवढं तांबेरा रोगानं केलेलं नुकसान, असा सरळ हिशोब. यंदा तांबेरा असा माजला होता की पानाला हात लावावा तर बोटं विटकरी व्हावीत. मग फरक गेला कुठे?

गोदामाच्या दारात गावच्या शेतकरी समितीच्या अध्यक्षबाई उभ्या होत्या. नुकसान मोठं निघालं, तर सगळ्यांच्या शेतांत अजून उभ्या असलेल्या उशिराच्या घेवड्यासाठी औषध आजच मागवायचं. नाही निघालं तर चाचणी गुंडाळायची, असं ठरलेलं.

"आकडा सांगा बाई. बाहेर माणसं ताटकळलीत."

"एकदा शेतात जाऊन येते."

"आता काय शेंगांना विचारणार?"

काटेवाली निघाली. शेत तिच्या वडिलांचंच, गोदामाच्या मागे. तोडणी झालेले वेल अजून उभे होते. न फवारलेल्या पट्ट्यात ती वाकली. खालची पानं करपलेली, वरची मात्र हिरवीगार, आणि त्यांच्या बेचक्यात औषधाची निळसर पूड. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, इथं कोणी फवारलं?"

बांधावर बसलेल्या बाबांनी मान वर केली नाही. "मीच."

"या पट्ट्याला हात लावू नका म्हणून किती विनवलं होतं मी तुम्हाला!"

"रोज डोळ्यांदेखत झुरत होते गं वेल. औषध घरात असून नुसतं बघत बसायचं? नाही जमलं मला."

तिला राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदमच. पानं बघून अंदाजानं एखादा मोठा आकडा ठोकून दिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिच्या बापाला तेवढं कळलं असतं. औषध आलं असतं, लोकांचं पीकही वाचलं असतं. ती गोदामाकडे वळली. बाबाही मागोमाग निघाले.

"आकडा नाही," ती म्हणाली. "चाचणी बिघडली. जो पट्टा फवारायचा नव्हता, तोही फवारला गेला."

"कोणी फवारला?"

तिनं गोणीचं तोंड बांधायला घेतलं.

"मी," मागून बाबा म्हणाले.

बाहेर एकच गलका झाला. कुणीतरी बाबांना तोंडावर वेडा म्हणालं. अध्यक्षबाईंनी हात वर केला. "आकड्याशिवाय मला औषध मागवता येत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा मोजू." म्हणजे उशिराचा घेवडा तांबेऱ्याच्या तोंडी. माणसं एकेक करून निघून गेली, बाबांकडे न बघता.

"पुन्हा एक पट्टा तसाच मरू द्यायचा?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबा घरात गेले आणि त्यांनी फवारणीचा पंप आणून तिच्या गाडीत ठेवला.

"हा तुझ्या घरी ने," ते म्हणाले. "इथं राहिला तर मी पुन्हा फवारीन."