तपासणाऱ्याची सही

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं तीस वर्षं त्यावरच भरलं आहे. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी घरामागच्या खोलीत बसून मेणात दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो. केसाएवढं काही वर राहिलं तरी माणसाला घास चावता येत नाही. त्यामुळे खडबडीत काम मला बघवतच नाही, मग ते कोणाचंही असो. "राग नाकावर आणि पॉलिश पेपर खिशात," असं दादा माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचा. तेव्हा तो ते कौतुकाने सांगायचा.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वीस वर्षं त्याने लढाऊ विमानांची दुरुस्ती केली आणि पुढे एका तांत्रिक शाळेत फिटरचं काम शिकवलं. गेल्या वर्षी त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा परत आली, पाय चालायला लागला, उजवा हात मात्र हट्टाला पेटल्यासारखा मागेच राहिला. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा तो आणि वहिनी माझ्याकडे तळमजल्यावर राहायला आले. मी सडाफटिंग, जागेची अडचण नव्हती. शाळेच्या प्राचार्यांनी त्याची जागा सहा महिने रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. पण फिटरचं काम नुसत्या तोंडाने शिकवता येत नाही, कानस हातात धरून दाखवावी लागते. दादाचा सगळा जीव त्या सहा महिन्यांत अडकला होता.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला दाबायला रबरी चेंडू दिला. दादाने तो कपाटाखाली ढकलून दिला. "दोन वर्षांचा आहे का मी?" म्हणाला. मग मी दुकानातून प्लास्टिकच्या विमानाचा एक खोका आणला. सुटे भाग जोडून, रंगवून दीड वीत लांबीचं लढाऊ जेट करायचं. दादाने ज्या जातीच्या विमानावर अर्धं आयुष्य घालवलं, नेमकं तेच. खोका त्याने डाव्या हाताने जवळ ओढला आणि वरचं चित्र नीट पाहिलं. मग त्याने वहिनीला टेबल खिडकीशी सरकवायला सांगितलं.

काम सुरू करण्याआधी त्याने माझ्याकडून एका कागदावर रेघा मारून घेतल्या. तीन रकाने. काम, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही.

"आमच्याकडे एक स्क्रू फिरवला तरी दोन सह्या लागायच्या," तो म्हणाला. "करणारा मी, तपासणारा तू. आणि तपासणाऱ्याने हत्याराला हात लावायचा नाही. चूक दिसली तर परत पाठवायचं, करणाऱ्यानेच दुरुस्त करायचं."

"आणि खोटी सही केली तर?"

"त्या विमानात माणूस बसतो, छोट्या."

चोपन्न वर्षांच्या घोड्याला छोट्या म्हणणारा जगात तो एकच. मी हसून कागद भिंतीवर डकवला.

पहिला पंख त्याने चार दिवस घेऊन चिकटवला. दोन अर्ध्या भागांमधून गोंद बाहेर आला होता, त्यात अंगठ्याचा ठसा उमटला होता, आणि सांधा समोरून तिरका दिसत होता. दादा घामाघूम झाला होता. मला म्हणाला, "बघ. खरं सांग." नियमाप्रमाणे मी तो परत पाठवायला हवा होता. पण त्याच्या तोंडाकडे पाहून जीभ उचलेना. "वाळू दे, माझ्या खोलीत ठेवतो," असं म्हणून मी पंख उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी दादा बाईंबरोबर व्यायाम करत होता. तेवढ्या वेळात मी सांधा सोडवला, नीट बसवला, फटीत पुट्टी भरली, घासली. कवळीच्या मानाने हे पोरखेळच. वीस मिनिटांत पंख आरशासारखा झाला. दुपारी दादाने त्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "वाळल्यावर बरा दिसतो की रे!" मी कागदावर सही केली. तपासले.

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप जमतं. तो करायचा, मी 'वाळायला' न्यायचो, आणि माझ्या खोलीतून विमान सुधारून बाहेर यायचं. रंगाखालच्या अस्तराचे ओघळ मी घासून काढले. तिरकी शेपूट सरळ केली. कॉकपिटच्या काचेवर त्याने काढलेल्या नागमोडी चौकटी पुसून मी शून्य नंबरच्या बारीक ब्रशने पुन्हा काढल्या. दादा जेवताना आता दोन घास जास्त खायला लागला. उजव्या हातात कप धरायचा, थोडा चहा सांडायचा आणि स्वतःच हसायचा. त्याला आनंद द्यायला मी हे करतोय, असं मी स्वतःला बजावत होतो. ते अर्धंच खरं होतं. तो वाकडा सांधा माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर राहणं मला सहन होत नव्हतं, हे उरलेलं अर्धं.

वहिनीने एकदा मला दारातून पाहिलं.

"भाऊजी, हे यांचं काम ना?"

"कडा जरा साफ करतोय, वहिनी. बाकी काही नाही."

"पोराला भूक लागली म्हणून आपण त्याचा घास खाल्ला, तर पोट कोणाचं भरतं?" ती म्हणाली आणि ओले हात पदराला पुसत निघून गेली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्यावर त्या माराचा परिणाम झाला नाही.

पाचव्या महिन्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दादाने रंगवलेला दुसरा पंख मी खोलीत नेला, दिव्याखाली धरला, आणि घासायला फारसं काही सापडेना. रंग एकसारखा बसला होता. कडेला एक बारीक ओघळ, बस्स. हात खरोखर सुधारत होता! त्या वेळी ब्रश खाली ठेवून दादाला हाक मारली असती तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पण जित्याची खोड. ओघळ काढायला म्हणून बसलो आणि एक ओघळ काढल्यावर बाकीचा पंख त्याच्याशी जुळेना. अख्खा पंख पुन्हा रंगवून उठलो.

त्याच आठवड्यात त्याने पुढच्या चाकाच्या कप्प्याची झाकणं रंगवली. नखाएवढे दोन तुकडे. त्यातलं डावं झाकण बाकी विमानापेक्षा चांगलं फिकट झालं होतं. राखाडीत पांढरा जास्त पडला असणार, असं मला वाटलं. मी ते बरोबर राखाडी केलं, वाळवलं, विमानाला बसवलं आणि सही ठोकली.

सहा महिने संपायला एक दिवस उरला होता. दादाने शाळेला होकार कळवायचं ठरवलं होतं. सकाळी वहिनीने त्याला नवा शर्ट घातला, मी तयार विमान त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्याने ते उचललं, उलटं केलं, आणि त्याचा हात थांबला.

"डावं झाकण कोणी रंगवलं?"

"तू. कोण रंगवणार?"

"मी फिकट रंगवलं होतं."

"मिश्रण जरा चुकलं होतं रे, मी फक्त..." एवढं बोलल्यावर माझं माझ्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

"चुकलं नव्हतं," दादा सावकाश म्हणाला. "माझ्या विमानाचं ते झाकण एकदा चेपलं. सुटा भाग येईना, म्हणून मोडीत निघालेल्या दुसऱ्या विमानाचं काढून बसवलं. रंग फिका होता. रंगवायला वेळच मिळाला नाही, तसंच उडत राहिलं. लांबून येताना दिसलं की आम्ही ओळखायचो, आपलं आलं. तीन दिवस रंग कालवत होतो मी. तुला शेवटी सांगणार होतो."

मग त्याने विमान खिडकीच्या उजेडात धरलं. इतके दिवस त्याने ते आनंदाने पाहिलं होतं, आता फिटर म्हणून पाहिलं. पंखाचा सांधा, शेपूट, काचेच्या चौकटी. मी भिंतीवरच्या कागदाकडे बघत होतो. माझ्या सह्या एकाखाली एक, सुबक.

"सगळंच?" त्याने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. वहिनी उठून आत गेली.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. रागाला राग देणं मला जमतं. तो नुसता उजव्या हाताकडे बघत राहिला. तो हात टेबलावर पडला होता. समोरचा ब्रश उचलायचा त्याने प्रयत्न केला, ब्रश दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही.

"दादा, ऐक," मी म्हणालो. "सुरुवातीला मी केलं, मान्य. चुकलं माझं. पण हात सुधारलाय तुझा. दुसरा पंख तू उत्तम रंगवला होतास. देवाशप्पथ. मी बघितलाय तो. तू शाळेला हो म्हण."

"उत्तम होता?"

"एक ओघळ होता फक्त."

"तुझं सांगणं आता चालायचं नाही, छोट्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, कामावर बोलायचा तसा बोलला. "मला माझा रंग दाखव. कुठेही. एवढासा चालेल."

मी खोलीतून भिंग आणलं, दिवा आणला. नाकापासून शेपटीपर्यंत विमान बघितलं. पंखांच्या खाली, चाकांच्या कप्प्यात, इंजिनाच्या नळीत आत. कुठेतरी त्याच्या ब्रशची एखादी रेघ राहिली असेल, एखादा ठसा माझ्या नजरेतून सुटला असेल, म्हणून दोनदा बघितलं. माझ्या नजरेतून काहीही सुटलं नव्हतं.

"सापडत नाही," मी म्हणालो.

"मग फोन दे. शाळेला दुसरा माणूस बघायला सांगतो," दादा म्हणाला, आणि त्याने डावा हात पुढे केला.